लाल अक्षरांची चिठ्ठी

"ग्रिगोरे, वेता, झेनोव्हिया," फादर इरिमियांनी वाचलं आणि पुढच्या चिठ्ठीला हात घातला.

क्रूसाची खूण करायला उचललेला साफ्ताचा हात कपाळापाशीच थांबला. ही मृतांची नावं चालली होती. ग्रिगोरे तिचा नवरा, या घडीला शहरातल्या इस्पितळात छाती उघडून टेबलावर पडलेला. झेनोव्हिया तिची मुलगी, ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसलेली. आणि वेता, तिची नणंद, तर शेजारीच उभी होती.

"वहिनी, जिवंतपणी पुरलंस की गं मला!" वेता दातओठ खात पुटपुटली.

"वन्सं, चष्मा घरी राहिला..."

"म्हणून तर म्हटलं होतं, मी लिहिते. तर नाही! नवऱ्याचं नाव म्हणे माझ्याच हातानं."

चर्चच्या दाराशी मेणबत्त्या मिळतात तिथंच फादरांनी वाचायच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात. लाल अक्षरांची जिवंतांसाठी, तिच्यावरच्या नावांना आरोग्य मागायचं. काळ्या अक्षरांची मृतांसाठी, त्यांना विसावा मागायचा. अंधूक उजेडात साफ्ताला दोन्ही सारख्याच दिसल्या होत्या. चिठ्ठ्या आत दिल्या आणि झेनोव्हियाचा फोन आला, "बाबांना आत नेलं." दोघी अंगणात गेल्या, तेवढ्यात जिवंतांचं वाचन उरकलं होतं.

जिवंत माणसाचं नाव मृतांत वाचलं गेलं की तो वर्ष काढत नाही, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. वैऱ्याचं नाव मुद्दाम तसं घालणारी माणसंही साफ्तानं पाहिली होती. आणि तिनं मात्र स्वतःच्या हातानं स्वतःच्या नवऱ्याचं घातलं होतं. तिला दरदरून घाम फुटला. ओरडावंसं वाटलं, पण उपासना मध्येच थांबवायची कशी? तिनं घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. डॉक्टरांचा हात आता ग्रिगोरेच्या काळजावर असेल.

समोर वेदीच्या कमानीवर जुन्या सोनेरी अक्षरांत शास्त्रवचन रंगवलेलं होतं, 'सर्वदा आनंदित राहा.' पोटचा सांदू नदीच्या पुरात गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून साफ्ताच्या डोक्यावर काळा रुमाल होता आणि त्या कमानीकडे ती मान वर करून पाहत नसे. सांगणाऱ्याचं काय जातंय, असं तिला वाटे.

शेवटची प्रार्थना संपली तशी ती गर्दीतून वाट काढत वेदीच्या दारापर्यंत गेली. बायकांनी त्यापुढे जायचं नसतं.

"फादर, घात झाला! माझा ग्रिगोरे मेलेल्यांत वाचला गेला. पुन्हा वाचा, आत्ताच्या आत्ता!"

फादरांनी टोपलीतून तिच्या दोन्ही चिठ्ठ्या शोधून काढल्या.

"साफ्ता, देवाला चष्मा लागत नाही. मेलेले आणि जिवंत ही वाटणी आपण केलेली. त्याच्यापुढे सगळे जिवंतच, असं प्रभू स्वतः सांगून गेलाय."

"तुमचं शास्त्र खरं असेल, फादर. पण टेबलावर नवरा माझा आहे!"

ते रागावले नाहीत. लाल अक्षरांची चिठ्ठी त्यांनी डोळ्यांपासून लांब धरली.

"मग हीसुद्धा बदलायला हवी. आनिका, पेत्राके, सांदू. या तिघांना मी आज दीर्घायुष्य मागितलं."

साफ्ता चिठ्ठीवर वाकली. सासू, सासरे आणि सांदू. तिघांची नावं तिनं आजवर शेकडो वेळा लिहिली होती.

"सांदूला?" तिनं विचारलं. "मोठ्यानं वाचलंत?"

"मोठ्यानं. सगळं गाव 'प्रभू, दया कर' म्हणालं की त्यावर."

वेतानं रुमालाच्या टोकानं नाक पुसलं.

फादरांनी कोऱ्या लाल चिठ्ठीवर ग्रिगोरे, वेता आणि झेनोव्हिया लिहिलं आणि तिथंच उभ्या उभ्या वाचलं. मग काळी चिठ्ठी घेऊन उरलेली तीन नावं लिहायला लागले. सासू झाली, सासरे झाले. पुढे पेन्सिल टेकणार तोच साफ्तानं चिठ्ठीवर हात ठेवला.

"सांदूला तिकडेच राहू द्या, फादर."

फादरांनी लाल चिठ्ठी पुन्हा पुढे ओढून ग्रिगोरेच्या खाली सांदू लिहिलं.

परत फिरण्याआधी साफ्तानं मान वर करून कमानीवरचं वचन एकदा सावकाश वाचलं. ती अक्षरं चष्म्याविना वाचण्याएवढी मोठी होती.

अंगणात मेणबत्त्यांसाठी वाळूचे दोन डबे होते, एक जिवंतांचा, एक मृतांचा. सकाळी घेतलेल्या दोन मेणबत्त्या साफ्तानं पेटवल्या आणि दोन्ही जिवंतांच्या डब्यात रोवल्या.

"पुन्हा चुकलीस, वहिनी."

"नाही चुकले, वन्सं."

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजायला लागला. वेताचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं घे ना! झेनोव्हियाच असेल!"

दुसरी मेणबत्ती थोडी कलली होती. साफ्तानं ती आधी सरळ केली. मग तिनं फोन कानाला लावला.

"बोल, पोरी," ती म्हणाली. एवढा मोकळा आवाज वेतानं अकरा वर्षांत ऐकला नव्हता.