वाटेचा अर्ज

मुंबईत जकात फार, युनियन फार, म्हणून ब्याऐंशी साली कपाडियाशेठने आपला डब्यांचा कारखाना सातिवलीला हलवला. जमीन स्वस्त, सरकारी सवलत, माणसं गरीब. सगळी चौकशी झाली होती. फक्त कारखान्याकडे जाणारी वाट कोणाच्या जमिनीतून जाते, तेवढं विचारायचं राहिलं. ती प्लासिडची होती.

प्लासिडला शेठ पाठ होता. सहा वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नासाठी त्याने मुंबईच्या कारखान्यात रजेचा अर्ज केला होता, नियमाप्रमाणे तीन प्रतींत. शेठने शेरा मारला, "कारण समाधानकारक नाही." प्लासिड तरीही लग्नाला गेला आणि नोकरी गेली.

"प्लासिडभाई, ट्रकपुरती वाट द्या. मागाल ते देतो."

"पैसे राहू द्या, शेठ. अर्ज द्या. तीन प्रतींत."

शेठ हसला. प्लासिड हसला नाही. मशिनं लादलेले चार ट्रक उन्हात तापत होते. शेवटी शेठने बॉनेटवर कागद ठेवून वाटेचा अर्ज तीनदा लिहिला.

प्लासिडने तिन्ही प्रती सावकाश वाचल्या, शुद्धलेखन तपासलं आणि प्रत्येकीवर वळणदार अक्षरात शेरा मारला.

"उद्या या, शेठ," तो आदराने म्हणाला. "जरा समाधानकारक कारण घेऊन."