चौदा फुटांचं टेबल

लग्नाला प्लॅनर कशाला हवा, असं तोंडावर विचारणारे मला खूप भेटतात. माझं उत्तर ठरलेलं असायचं. ज्यांच्या घरात राबायला माणसं आहेत आणि ती एकमेकांशी बोलतात, त्यांनी खुशाल माझ्याशिवाय लग्न करावं! मग समोरचा माझा नंबर लिहून घ्यायचा, कारण अशी घरं फार नसतात. एकोणीस वर्षं मी हे ऐटीत सांगत आले. मग एका मुलीनं मला लग्नाच्या नऊ दिवस आधी कामावरून काढलं.

ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. नवरा मुलगा शाळेत गणित शिकवायचा. दोघंही सरळ, मागण्या बेताच्या. अडचण एकच होती. मुलीचे बाबा आणि थोरले काका, दोघेही सुतार, आपल्याच एका कारखान्यात काम करायचे आणि सहा वर्षं त्यांचा अबोला होता. कुणाच्या तरी घरातला जिना बसेना. माप कुणी चुकवलं यावरून शब्दानं शब्द वाढला आणि आठवड्याभरात कारखान्याच्या मधोमध प्लायची भिंत उभी राहिली. मोठं दार काकांकडे गेलं. बाबांच्या वाट्याला मागचं अरुंद दार आलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण दोन वर्षांपूर्वी काकू वारल्या. आई लहानपणीच गेलेल्या या मुलीला काकूंनीच वाढवलं होतं. बाबा त्यांच्या अंत्यविधीलाही गेले नाहीत.

"काका आले नाहीत तर मला ते लग्नच वाटणार नाही," मुलीनं मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

मी म्हटलं, "आणते."

आणि आणलंही असतं. काकांकडे चार खेपा घातल्या. भावाचं तोंड बघावं लागणार नसेल तर येतो, असं शेवटी त्यांनी कबूल केलं. मग मी असा कागद तयार केला की माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटली. काका साडेअकराला बागेच्या दारानं येणार, बाबा सव्वाअकरालाच आतल्या खोलीत कागदपत्रांवर सह्या करत बसणार. जेवणाची टेबलं भाड्याची, दोघांची दोन टोकांना, मध्ये फुलांची उंच रांग. फोटोसुद्धा वेगवेगळ्या वेळी. दिवसभरात दोघं एकदाही समोरासमोर येणार नव्हते.

मुलीनं तो कागद दोनदा वाचला.

"ताई, तुमची मेहनत दिसते," ती म्हणाली. "पण यात बाबांना काकांची गरजच पडत नाही. काकांना बाबांची पडत नाही."

"अगं, म्हणून तर भांडण होणार नाही!"

"भांडण तरी होऊ दे की. गरजच पडली नाही तर ते बोलणार कधी? लग्नानंतर मी लांब जाणार. मग दोघांच्या मध्ये कोण आहे?" तिचे डोळे भरले होते. "टेबलं नकोत भाड्याची. बाबांना सांगते करायला. बाकीचं पण आम्ही बघू. रागावू नका."

मी रागावले. खोटं कशाला बोलू? घरी येऊन भांडी आपटली. चुलत-मावस भावंडांच्या भरवशावर केलेल्या लग्नांचे कसे तीनतेरा वाजतात ते मी पाहिलेलं आहे. लग्नाला चार दिवस उरले तेव्हा त्यांची कागदपत्रं परत करण्याचं निमित्त काढून मी कारखान्यात गेले. खरं म्हणजे फजिती बघायला गेले.

मुलगी दाराशी उभी होती. आत तिचे बाबा रंधा मारत होते आणि त्यांच्या पुढ्यात ते टेबल होतं. चौदा फूट लांब, भिंतीच्या आधीपासून आत पडून असलेल्या एकाच अखंड फळीचं, सहा भक्कम पाय खाली पक्के बसवलेले. सबंध कुटुंब एका बाजूला बसलं असतं. लाकूड इतकं गुळगुळीत होतं की माझा हात आपोआप त्यावर गेला.

मग मी दाराकडे पाहिलं. हॉल, जिने, लिफ्ट यांची मापं नजरेनं घेण्यात माझं आयुष्य गेलंय. दार जेमतेम अडीच फुटांचं आणि बाहेर पाऊल टाकताच बोळ काटकोनात वळलेला.

"मिस्त्री, हे बाहेर कसं काढणार?"

"बघू."

"दोन भागांत करायचं. निदान पाय तरी सुटे ठेवायचे."

"हो," ते म्हणाले आणि रंधा मारत राहिले.

सहा वर्षं या माणसानं याच दारातून कपाटं आणि पलंग सुटे करून नेले होते. चहाचा कप ठेवायच्या फळीलाही गुण्या लावून काटकोन बघणारा माणूस. त्यानं चौदा फुटांचं टेबल करावं आणि दार विसरावं, हे मला काही केल्या पटेना. तेवढ्यात त्यांनी प्लायच्या भिंतीकडे पाहिलं. मोठं दार तिच्या पलीकडे होतं.

"स्क्रू पलीकडून मारलेत," मी न विचारताच ते म्हणाले. "इकडून उघडत नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या हिशेबात गरज नावाची गोष्ट उरलीच नव्हती. या माणसानं ती रंधा मारून, गुळगुळीत करून तयार केली होती. फक्त शेवटची पायरी त्याला चढवत नव्हती.

"तुम्ही जाऊन सांगता का त्याला?" ते हळूच म्हणाले. "तुमचं ऐकतो तो."

माझा पाय उचललाच होता. इकडचे निरोप तिकडे नेण्यावर तर माझं पोट चालतं. दाराशी उभ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी थांबले.

"मला तुमच्या मुलीनं काढून टाकलंय," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझीच चीड आली. साठीचा माणूस. पलीकडे करवत चालू होती. त्यांनी रंधा खाली ठेवला. मग भिंतीजवळ गेले आणि बोटांच्या पेरांनी दोनदा ठोठावलं.

"दादा."

करवत थांबली.

"दादा, पोरीच्या लग्नाचं टेबल केलंय. बाहेर निघत नाही."

बाबा भिंतीच्या आणखी जवळ सरकले.

"वहिनी गेल्या तेव्हा मी आलो होतो. तुझ्या दारापर्यंत आलो. आत यायचं धाडस झालं नाही." त्यांचा आवाज चिरकला. "त्यांनी माझी पोर वाढवली, आणि मी दारातून परत फिरलो."

सवयीनं मी घड्याळ पाहिलं आणि लाज वाटून हात पदराखाली घेतला.

"त्या जिन्याचं माप माझंच चुकलं होतं," भिंतीपलीकडून थोरल्याचा आवाज आला. घोगरा, सावकाश. "तुझ्या वहिनीला सांगितलं होतं मी. ती रोज म्हणायची, जा, त्याला सांग. तेवढं राहून गेलं."

मग स्क्रू कुरकुरला. गंजलेला असावा, दोनदा अडला. एक निघाला, जमिनीवर पडला. मग दुसरा.

"पलीकडून धरून ठेव," काका म्हणाले. "प्लाय जड आहे, अंगावर येईल तुझ्या."

बाबांनी दोन्ही तळवे भिंतीला टेकवले. मुलगी धावत पुढे झाली आणि तिनंही हात लावला.

"तू राहू दे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "आम्ही दोघं आहोत."