जावयाला सूट

मास्तरांच्या हाताखाली शिकलेला माणूस गालावरून ओळखावा, असं यार्डात गमतीनं म्हणायचे. आसपासच्या कारखान्यांचा विषारी कचरा पिंपांत भरून या यार्डात यायचा: अॅसिडचं पाणी, रंगाचा गाळ, ब्लीचचं उरलंसुरलं. इथं तो तपासायचा, वेगवेगळा ठेवायचा, त्याचं विष मारायचं आणि मग पुरायला नाहीतर जाळायला धाडायचा. हे सगळं नव्या माणसांना शिकवायचं काम मास्तरांचं. लेबल नसलेल्या पिंपाला हात लावायचा नाही. माल कुठून आला नि कुठं जाणार याचे कागद असल्याशिवाय गाडी रिकामी करायची नाही, केली तर तुरुंग. एका मालाचं पिंप दुसऱ्या मालाच्या टाकीत ओतायचं नाही. मास्क गळ्यात हवा, खुंटीवर नाही. एवढं सांगून झालं की मास्तर प्रश्न विचारायचे, आणि उत्तर चुकलं की कानाखाली जाळ काढायचे.

"माझा मार संध्याकाळी उतरतो," ते म्हणायचे. "अॅसिडचा उतरत नाही."

त्यांचा धाकटा भाऊ अशाच एका टाकीत साफसफाईला उतरला होता, तो जिवंत वर आला नाही. सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कुणी उलटून बोलत नसे.

मग त्यांचा जावई कामाला लागला. आधीचा धंदा बुडवून बसला होता, पोरीनं आईमार्फत शब्द टाकला, मास्तरांनी साहेबांच्या कानावर घातलं. पहिल्याच दिवशी यार्डानं त्याचं नाव ठेवलं जावईबापू. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा, मोबाइलवर बोट फिरवत. डोळे मिटून मास्क चढवायची परीक्षा होती. धूर झाला तर काही दिसत नाही, म्हणून. जावईबापूंना पट्टा सापडेना. मास्क नाकाऐवजी कपाळावर बसला.

"मामा, जाऊ द्या ना," तो हसत म्हणाला. "आपण घरचेच."

मास्तरांचा हात वर गेला. पण तो हात तसाच मागे वळला आणि मास्तरांनी स्वतःचीच मान खाजवली. वर्गात खसखस पिकली. घरातून बायकोनं बजावलं होतं, जावयावर हात टाकलात तर पोरीला तोंड कसं दाखवाल. मास्तरांनी त्याला पास केलं. मारायचं नाही म्हणताना शिकवायचंही राहून गेलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मारल्याशिवाय शिकवायचं कसं, ते त्यांना येतच नव्हतं.

जावईबापूंची जोडी बुटक्याशी लागली. बुटका नावालाच बुटका, अंगानं ताडमाड. त्याचा मोठा भाऊ, ज्याला सगळे थोरला म्हणायचे, त्याच्या खांद्याला लागायचा, आणि तोही तिथंच पिंपं उतरवायला होता. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एकच पिंप उरलं होतं, अॅसिडचं. अॅसिडची टाकी यार्डाच्या पार पलीकडल्या टोकाला. ब्लीचची टाकी शेडमध्येच, चार पावलांवर. बुटका गाडा आणायला वळला तेवढ्यात जावईबापूंनी पिंप आडवं केलं आणि टाकीत मोकळं केलं.

आधी खदखदल्यासारखा आवाज आला. मग टाकीच्या काठावरून हिरवट पिवळा धूर उतरला, वर न जाता जमिनीवरून सरपटत. बुटक्यानं गळ्यातला मास्क तोंडाकडे नेला. जावईबापूंचा मास्क खुंटीवर होता. त्यांनी बुटक्याच्या हातावर झडप घातली, त्याच्या पोटात गुडघा मारला, मास्क हिसकला आणि तोंडाशी दाबून दाराकडे धूम ठोकली. बुटका धुरात गुडघ्यावर बसला. थोरल्यानं हे यार्डातून, उघड्या दारातून पाहिलं. तो आत घुसणार तोच दोघांनी त्याला कमरेला मिठी मारून पाडलं.

मास्तर हवेच्या सिलिंडरचा मास्क चढवून आत गेले. बुटक्याला काखेत धरून ओढत बाहेर आणला. त्याच्या तोंडातून फेस येत होता आणि डोळे लाल गोळे झाले होते. मावशीनं, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याजवळ ड्युटी असलेल्या बाईनं, त्याचं तोंड धुवायला घेतलं. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता.

जावईबापू भिंतीला टेकून खोकत होते. हातात बुटक्याचा मास्क.

मास्तर तोंडावरचा मास्क उतरवून त्यांच्यापाशी गेले आणि मनगटापासून खांद्यापर्यंत सगळा जोर लावून एक कानफटात ठेवून दिली. पोरगा कोलमडला. मास्तरांना बरं वाटलं. महिनाभर अडवून धरलेला हात मोकळा झाल्यासारखं वाटलं.

मागं उभी असलेली माणसं जणू तेवढ्याचीच वाट बघत होती. कुणीतरी लाथ घातली. मग गमबुटांचा पाऊसच पडला, बरगड्यांवर, पाठीवर, तोंडावर. दात तुटल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला. "बस, बस झालं," ते म्हणाले, पण त्यांचं कोण ऐकतंय. थोरला पिंपं हलवायची पहार घेऊन गर्दीतून पुढं आला तेव्हा माणसं आपोआप बाजूला झाली.

मास्तर जावयावर आडवे पडले.

"बाजूला व्हा, मास्तर."

"नाही होणार."

"तुम्हीच शिकवलंत. चुकला की हाणायचा."

"तुम्हाला शिकवलं. ह्याला शिकवलंच नाही मी. सूट दिली. हाणायचं तर मला हाण."

थोरल्यानं खरंच हाणली. पहिली पहार मास्तरांच्या कोपरावर बसली आणि हात भलत्याच दिशेला वळला. दुसरी खांद्यावर. तिसरीसाठी पहार वर गेली तेवढ्यात मावशीचा खणखणीत आवाज आला, "वारा फिरला रे. धूर इकडं येतोय."

गर्दी क्षणात फुटली. वाऱ्याला आडवं, उंचावर, कुणीही न रेटता सगळे पळाले, शिकवल्याबरहुकूम. मावशीनं दोघांना हाताशी घेऊन बुटक्याला उचलून नेलं. जमिनीवर मास्तर आणि जावई राहिले, आणि पहार घेतलेला थोरला. पहिला झोत त्याच्या घशात गेला. तो वाकून खोकला. मग पहार टाकून, आईमाईवरून शिव्या देत, त्यानं जावयाची कॉलर धरली आणि त्याला चढावाकडे फरफटत नेलं. मास्तर एका हातावर सरपटत मागून गेले. चढावर पोचल्यावर थोरला जावयाच्या तोंडावर थुंकला आणि भावाकडे धावला.

बुटका दवाखान्यात गेला तो परत आला नाही. जावयाचा जबडा तारेनं बांधला, एका कानानं ऐकू येईना. मास्तरांच्या कोपरात सळी घातली. पोरगी नवऱ्याच्या खाटेशी बसून असायची. एकदाच ती बापाच्या वॉर्डात आली, चहाचा कप ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "बाबा, ते पास झाले म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत ना मला?"

"हो."

ती चहा तसाच ठेवून गेली.

चौकशीला आलेल्या सरकारी बाईंना मास्तरांनी सगळं सांगितलं. मारायचो तेही, आणि न तपासता पास केला तेही. त्यांची नोकरी गेली. खटला तिघांवर झाला: जावयावर माणूस मेल्याचा, थोरल्यावर मारहाणीचा, मास्तरांवर दोन्हींतला थोडाथोडा.

तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर मास्तर आणि थोरला शेजारी आले, दुसरी जागाच नव्हती.

"मास्क हिसकला नसता तर वाचला असता?" थोरल्यानं विचारलं.

मास्तरांनी खोटं बोलायचा विचार केला. मग म्हणाले, "वाचला असता. बुटक्यानं सगळं बरोबर केलं होतं."

थोरल्याचा जबडा आवळला. मुठी मांडीवर होत्या त्या तशाच राहिल्या. मास्तर मार खायच्या तयारीनं बसून राहिले, पण मार आला नाही. आतून पुकारा झाला. थोरला उठला, दार ढकलून आत गेला आणि मागं बघितलं नाही. जड दार परत आलं ते मागोमाग आलेल्या मास्तरांच्या दुखऱ्या हातावर आदळलं. ते जागच्या जागी वाकले, कळ जरा कमी होईपर्यंत थांबले, आणि चांगल्या हातानं दार ढकलून आत गेले.