इस्त्री केलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुना काळा डबा आहे. माझ्या कडेचा टवका उडालाय. मला बघून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा बापडे! पण मी साधासुधा डबा नाही, डासांचा सापळा आहे. सापळा म्हटलं की तुम्हाला खटकन मिटणारा जबडा आठवेल. तसलं काही मला जमत नाही. माझ्या पोटात थोडं पाणी असतं आणि पाण्यात अर्धी बुडालेली जाड पांढऱ्या कापडाची एक पट्टी. डेंग्यू पसरवणारे डास अशा ओलसर, अंधाऱ्या जागी अंडी घालतात. पट्टीवर काळे ठिपके दिसले, की डास जवळच आहेत असं समजायचं. चहाड्या करणं हाच माझा धंदा, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

खरं तर मी जन्माने रंगाचा डबा. डास तपासणाऱ्या ताईंनी मला घासून काळा रंग दिला, पाणी काठोकाठ भरू नये म्हणून पोटाला भोक पाडलं आणि एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात नेऊन ठेवलं.

लाँड्री होती इस्त्रीवाल्या काकांची. वरच्या खोलीत त्यांची लेक राहायची. तिचे दिवस भरत आले होते. त्यात शेजारचा शिंपी डेंग्यूने दवाखान्यात पडलेला. पोरीला ताप आला तर काय, या विचाराने काकांच्या जिवाला घोर लागला होता.

"काका, यातलं पाणी सांडू नका हं," ताईंनी बजावलं.

काकांनी पाण्याचा थेंबही सांडला नाही. पण पट्टी! पांढऱ्या कापडावर डाग, तोही त्यांच्या अंगणात? त्यांना कसा बघवणार? रोज सकाळी ते पट्टी काढायचे, ब्रशने खसाखसा घासायचे, कडक इस्त्री करायचे आणि पुन्हा जागच्या जागी लावायचे. मी आतल्या आत ओरडत होतो. पण डब्याचं कोण ऐकतं?

ताई येत, कोरी पट्टी बघत आणि खूश होऊन जात. एकदा म्हणाल्या, "पुढच्या खेपेलाही अशीच निघाली, तर या गल्लीतली तपासणी बंद करू." काकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र पार खचलो, कारण डास माझ्या डोक्यावरच गुणगुणत होते.

नशीब, पुढच्या खेपेला ताई नेहमीपेक्षा लवकर, भल्या सकाळीच आल्या. बघतात तर काय, माझी पट्टी इस्त्रीच्या टेबलावर, दोन शर्टांच्या मधे!

"अहो काका, हे काय करताय?"

"डाग काढतोय. फुकट हो, तुमच्याकडून काय घ्यायचं!"

ताईंनी कपाळावर हात मारला. ते डाग म्हणजे डासांची अंडी आहेत हे कळल्यावर काकांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. मग त्यांनी मला शिवलंसुद्धा नाही, आणि काही दिवसांतच माझी पट्टी ठिपक्यांनी भरली. एवढी अंडी म्हणजे डास घरातच वाढताहेत, असं ताई म्हणाल्या.

"माझ्या घरात? माझ्याइतकं स्वच्छ घर अख्ख्या गल्लीत दाखवा!" काका उसळले.

सगळं घर पालथं घातलं. शेवटी लेकीच्या खोलीतला फ्रिज सरकवला. त्याच्या मागे, खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. लेकीच्या उशापासून हातभर अंतरावर! काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

लेक मात्र हसली. "बाबा, आता हा ट्रे घासा. हवी तर इस्त्रीही करा!"

ट्रे घासला गेला. हळूहळू माझी पट्टी कोरी निघू लागली, या वेळी खरोखरची कोरी. लेकीला ताप आला नाही. आता गुबगुबीत नात अंगणात रांगते आणि माझ्यावर थापट्या मारते. मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, आज घरी गेलात की मोठ्यांना फ्रिजमागचा ट्रे बघायला सांगा. आणि कुठे माझ्यासारखा डबा दिसला, तर त्याला स्वच्छ करायला जाऊ नका. काकासुद्धा येता-जाता माझ्या पट्टीवर एखादा ठिपका दिसला की हात चोळतात, पण ती धूत नाहीत. थेट ताईंना फोन लावतात. नातीसाठी तेवढा एक डाग ते सोसतात.