होरेशिओ हॅनाफोर्डची सही

हायरम प्रूइटच्या हातात घण शोभायचा, टाक नाही. मिलर्स फोर्कमधली झाडून सगळी घोडी त्याच्याकडून नाल ठोकून घ्यायची, पण कुठे सही करायची वेळ आली की हा एवढा मोठा लोहार कानापर्यंत लाल व्हायचा. तरीही त्या हिवाळ्यात तो कित्ता गिरवायला बसला. त्याला कारण होत्या टोप्यांचं दुकान चालवणाऱ्या विधवा अल्माइरा कॉर्बिन.

चर्चमधलं जेवण आटोपलं की पुरुषानं बाईच्या हातात एक कार्ड ठेवायचं, त्यावर 'आपल्याला घरापर्यंत सोडायला येऊ का?' आणि खाली नाव. बाईनं कार्ड ठेवून घेतलं तर होकार. परत दिलं तर टोपी उचलायची आणि मुकाट एकट्यानं घर गाठायचं. ही कार्डं लिहून द्यायचे सुलेखनाचे मास्तर, प्रोफेसर लोरेन्झो फेनविक. वळणदार नाव, नावावर एक पक्षी, पक्ष्याच्या चोचीत फीत. अर्ध्या गावाची लग्नं त्या पक्ष्यानं जमवली होती.

सुगीच्या जेवणाला अल्माइराबाईंच्या हातात पाच कार्डं पडली. त्यातलं एक हायरमचं. बाईंनी पाचही कार्डं पत्त्यांसारखी पसरून धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पक्षी तोच, फीत तीच, नाव तेवढं निराळं! म्हणजे मला घरी सोडायची हौस प्रोफेसरसाहेबांनाच दिसतेय. ज्याला माझ्यासोबत चालायचंय त्यानं आपल्या हातानं लिहून आणावं."

पाचही कार्डं परत गेली. बाकीच्या चौघांनी ती तिथल्या तिथे दुसऱ्या बायकांना दिली. हायरमनं आपलं खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसरांचं दार वाजवलं. वसंतात बाई दुकान विकून टोलीडोला बहिणीकडे जाणार, अशी गावात कुजबुज होती. त्याआधी चर्चमधलं कालवांच्या रश्श्याचं जेवण तेवढं उरलं होतं. म्हणजे जे काय करायचं ते त्याच संध्याकाळी.

"बोटं विसरा," प्रोफेसर म्हणाले. "बोटांनी लिहितात ते कारकून. खरं अक्षर खांद्यातून येतं."

"खांद्यातून मी घण मारतो, प्रोफेसर."

"मग निम्मं काम झालंय. आता फक्त टेबल फोडू नका."

टेबल वाचलं. निबं मात्र एकामागून एक बळी पडली, आणि शाई एकदा आढ्यापर्यंत पोचली. अक्षरं लांबच राहिली. आधी नुसते लंबगोल. एकावर एक, एकावर एक, तारेच्या वेटोळ्यासारखे. खाली येताना दाब द्यायचा, वर जाताना हात हलका. हायरमनं भट्टीशेजारची काजळलेली भिंत खडूच्या लंबगोलांनी भरून टाकली. भाता ओढताना लंबगोल, कॉफी ढवळताना लंबगोल. एका रविवारी पाद्रीबुवांनी विचारलं, "हिवाळाभर भल्या पहाटे येऊन चर्चची शेगडी कोण पेटवेल?" तेव्हा सगळं गाव माना खाली घालून बसलं होतं आणि एकट्या हायरमचा हात हवेत गरगरत होता.

"देव तुमचं भलं करो, हायरम!" पाद्रीबुवा गहिवरून म्हणाले. शेगडी गळ्यात पडली.

पुढे अक्षरं आली आणि मग सहीचं पान. त्या कित्त्यात नमुन्याची सही होती होरेशिओ एम. हॅनाफोर्ड या गृहस्थांची. हे कोण, कुठले, कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात ज्यानं ज्यानं प्रोफेसरांकडे टाक धरला त्यानं त्यानं यांना गिरवलं होतं.

"मी माझंच नाव गिरवलं तर?" हायरमनं भीत भीत विचारलं.

"तुमचं नाव कित्त्यात आहे का?"

"नाही."

"मग! अहो, होरेशिओचा एच तोच हायरमचा एच. तो एकदा बसला की नाव आपोआप उतरतं. डोकं बाजूला ठेवा, हाताला लिहू द्या."

हायरमनं डोकं बाजूला ठेवलं. शेगडी पेटवून आला की होरेशिओ, जेवण झालं की होरेशिओ. एच असा काही वळायला लागला की प्रोफेसरांनीही एकदा चष्मा पुसला. पक्ष्याची पानं शेवटी होती, तिथवर पोचायला सवड मिळाली नाही. पक्ष्यावाचून चालेल, असं त्यानं ठरवलं.

जेवणाच्या दिवशी दुपारी त्यानं हात तीनदा धुतले आणि एका दमात कार्ड लिहिलं. काय तो एच! वर केसासारखी बारीक रेघ, खाली भरदार काळं पोट. शाई वाळेपर्यंत तो त्या एचकडेच बघत बसला. बाकीचं वाचायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

संध्याकाळी रश्श्याची भांडी रिकामी झाल्यावर त्यानं ते कार्ड अल्माइराबाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी ते दिव्याजवळ नेलं. भुवया वर गेल्या. मग खांदे हलायला लागले.

"अक्षर फार सुरेख आहे हो, मिस्टर प्रूइट," त्या कसंबसं म्हणाल्या. "पण हे होरेशिओ हॅनाफोर्ड बसलेत कुठे?"

हायरमनं वाकून वाचलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. एचपर्यंत तो होता; पुढचं सगळं हातानं केलं होतं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. एवढा हिवाळा, एवढी शेगडी, आणि बाईंना घरी सोडायला निघाले होते हॅनाफोर्ड! त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"द्या ते परत," तो पुटपुटला आणि हात पुढे केला.

बाईंनी कार्ड दिलं नाही. "मी कुणाचा कित्ता गिरवला असेन, वाटतं तुम्हाला? माहेरची मी हॉबर्ट. लग्नाच्या दिवशी चर्चच्या वहीत सही करायला बसले, अल्माइरा लिहिलं, एच काढला आणि हात जो सुटला! पाद्रीबुवांनी विचारलं, पोरी, तू नक्की कुणाच्या घरची? आमचे कॉर्बिन बिचारे आठवडाभर घुश्शात. सारखं एकच, हा हॅनाफोर्ड कोण?"

त्यांनी डोळे पुसले, कार्ड हातमोज्यात सरकवलं आणि शाल उचलली. "एकदा माझ्या लग्नात घुसले, आज पुन्हा हजर. यांच्यासोबत मी नाही जायची. तुम्ही चला."

बाहेर बर्फ करकरत होता. बाईंनी त्याच्या दंडात हात घातला आणि त्या दचकल्या. दंड फिरत होता.

"माफ करा," हायरम घाईघाईनं म्हणाला. "तो थांबतच नाही."

"फिरू द्या. पण उलटा फिरवताय, डावीकडून घ्या." बाईंनी तो हळूच वळवून दाखवला. "किती पानं राहिलीत?"

"पक्ष्याची." मग त्यानं विचारून टाकलं. "टोलीडोला कधी निघणार तुम्ही?"

"कित्ता अर्धवट टाकून गेलेलं मला आवडत नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा संपला की बघू."

हायरमनं तो कित्ता अजून जपून ठेवलाय. पक्ष्याची पानं कोरी आहेत. जेवताना बाई कधीमधी विचारतात, आणि तो म्हणतो, "घेतो एकदा करायला. हात बसत नाही अजून."