सॅन्टनकाकांचं कार्ड

"गावाचं पानी विकतो काय रे?" म्हणत गावातल्या फर्डिनंडने पंपघरात सॅन्टनकाकांना खुर्चीसकट आडवं केलं. मागून पोरांच्या लाथा बसल्या. मी मध्ये घुसले, तर मलाही कोपर लागलं. अरे, तुमच्याच गावचा म्हातारा माणूस, जरा तरी लाज?

दोन हजार तीनचा मे. उपशाने विहिरी खारट होऊ लागल्या होत्या, म्हणून गावाने शेजारच्या तुळिंजला जाणाऱ्या टँकरांना पाणी ठरवून दिलं होतं. टँकरवाल्याने पंपाच्या कॉम्प्युटरला कार्ड लावलं की त्याच्या वाट्यापुरतंच पाणी सुटायचं. हवं तेवढं सोडायचा अधिकार पंप सांभाळणाऱ्या एकट्या काकांच्या कार्डाला, तोही त्यांचा गुप्त नंबर दाबल्यावर. आणि कॉम्प्युटरवर भरदुपारचे जादा टँकर काकांच्याच नावावर दिसत होते.

"संपदा, पोरी, चर्चची बाराची घंटा झाली का मी कार्ड काढून प्रार्थनेला उभा ऱ्हातो," काका नाकाचं रक्त पुसत म्हणाले. "तवा पानी कसा सोडीन?"

कार्ड काढून! मी तडक कॉम्प्युटरसमोर बसले. कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं, कार्डयंत्र चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, मात्र दुसऱ्याच कुणी लिहिलेला. सिस्टीमच्या पार गाभ्यात बसून कार्ड वाचणारा तो कोड उघडला आणि तोंडात शिव्याच आल्या. कार्ड आत गेलं की मेला त्या माणसाचे अधिकार उचलायचा, पण कार्ड बाहेर काढलं तरी सोडायचा नाही. काका खिडकीकडे तोंड करून हात जोडत, तेवढ्यात रोज बाराला येणारा मितेश टँकरवाला आपलं कार्ड खुपसायचा. कॉम्प्युटर त्यालाच सॅन्टनकाका समजायचा.

मी कोड बदलला. कार्ड निघालं की अधिकार रद्द, पुढच्याची ओळख नव्याने. फर्डिनंडला समोर बसवून दाखवलं. त्याने मान खाली घातली. घाल म्हटलं, चांगली घाल!

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. काकांनी कार्ड काढून मुठीत धरलं. मितेशने आपलं कार्ड लावलं, पुन्हा लावलं. टाकी त्याच्या वाट्यापुरतीच भरली. तो बाहेर गेला आणि टँकरचा लोखंडी पाना घेऊन आला.

"ए बुढ्ढे, कार्ड दे. नंबर बोल."

"नाय."

पाना उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं मी ऐकलं. मी स्टूल भिरकावलं, त्याने मला भिंतीवर आदळलं.

"नंबर बोल!"

"नाय देत."

दुसरा घाव कोपरावर. कोडातलं भोक मी बुजवलं होतं. आता मितेशला फोडायला माणूसच उरला होता. या गोष्टीचा संताप अजून माझ्या अंगातून जात नाही.

आरडाओरडा ऐकून फर्डिनंड धावत आला. मितेश त्याला ढकलून पळाला. काका जमिनीवर, शर्ट रक्ताने भिजलेला. डाव्या मुठीतलं कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं.

"गाडी आणतो, काका," फर्डिनंड रडत म्हणाला.

"थांब. प्रार्थना अर्धी ऱ्हायली."

उजवा हात उचलेना. त्यांनी डाव्या हाताने क्रूसाची खूण केली, डाव्याआधी उजवा खांदा शिवला गेला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून केली.