हाताची जागा

ग्राइंडिंगचं व्हील बोथट व्हायला लागलं की त्याचा आवाज बदलतो. तो बदल मशीनवरच्या जुन्या काकांना सगळ्यांच्या आधी कळायचा, म्हणून कारखान्यात त्यांचं नाव पडलं कानसेन. आता खरं सांगायचं तर ते कान केव्हाच गेले होते. तीन वर्षं झाली, बारीक आवाज ऐकूच येत नव्हते. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, तेही टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडण होई म्हणून.

मग काम चालायचं कसं? तळहातावर. व्हीलमागच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागावर हात टेकला, की थरथर बोटांत उतरायची. झाकली मूठ सव्वा लाखाची!

व्हील बोथट झालेलं यंत्रालाच कळावं म्हणून नव्या इंजिनिअर मॅडम तीन आठवडे आवाज टिपणारा सेन्सर घेऊन मशीनभोवती घिरट्या घालत होत्या. मशीनच्या दारावर लावला, टेबलावर लावला. त्याला ऐकू यायचा तो कूलंटचा खळखळाट. कानसेन मख्ख चेहऱ्यानं बघत राहत. योग्य जागा त्यांना माहीत होती. ती सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

त्या दुपारी घाम पुसायला त्यांनी हात काढला, आणि नेमकं तेव्हाच व्हील बिघडलं. घासायला लावलेला जॉब निघाला तो जळल्याचा निळा डाग घेऊनच.

"काका, केवढ्यानं किंचाळत होतं ते!" मॅडम धावत आल्या. "मला केबिनमध्ये ऐकू आलं."

खोटं रचायलाही अंगात जोर लागतो. तो त्यांच्यात उरला नव्हता. लपवून लपवून माणूस पार शिणला होता.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "हाताला कळतं. तुमचं ते यंत्र इथं लावा."

मॅडमनी वाकून पाहिलं. सेन्सर बसवायचा तर रंग खरवडावा लागे. इथं बीड आधीच उघडं पडलं होतं, तळव्याएवढं, गुळगुळीत. त्यांनी ग्रीस लावून सेन्सर घट्ट बसवला. पडद्यावरची रेघ पहिल्यांदाच स्वच्छ उमटली.

पुढचा जॉब चढला. सवयीनं कानसेनांचा हात उठला, जागेपर्यंत गेला आणि वायर पाहून थांबला.

"मॅडम, मी आता हात कुठं ठेवू?"

"कुठंही ठेवा, काका," पडद्यावरची नजर न काढता मॅडम मायेनं म्हणाल्या. "आता तुम्हाला काही त्रास नाही."